बारा ते तीन

घरी येऊन आज नववा दिवस.
रायबंदरच्या या खोलीत पलंग हलत नाही,
म्हणून झोप लागत नाही.
काल जिना उतरताना मी कठड्याला धरून
लाट जायची वाट पाहिली.

सेशेल्सहून निघताना एकवीस दिवसांचा हिशेब केला होता.
दीडशे लिटर पाणी, उकडे तांदूळ, सुकी सुंगटं,
साठ अंडी, तेलाचा हात फिरवलेली,
एक दिवसाआड उलटायची, न विसरता.
पाव चौथ्या दिवशी हिरवे झाले.
हिरवं खरवडून मी तव्यावर भाजले
आणि पुरसो म्हणाला, चांगले लागतात.
हाच पुरसो घरी
आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतो.

एकतीस फुटांची आमची टिटवी.
तीन तास त्याचे, तीन तास माझे.
निजायची जागा एकच, कलत्या बाजूची,
जिथून माणूस गडगडून खाली येत नाही.
तो उठला की मी त्याच्या उबेत शिरायची,
मी उठले की तो माझ्या.
लग्नाला चौतीस वर्षं झाली.
इतकं एकमेकांच्या उबेत
आणि इतकं कमी एकमेकांसोबत
आम्ही कधी राहिलो नव्हतो.

भेट व्हायची पाळी बदलताना, पाच मिनिटं.
"काही दिसलं?"
"एक जहाज. उत्तरेला गेलं."
"वारा?"
"आहे तसाच."
चहाचा कप हातातून हातात,
कारण खाली ठेवायला
सपाट असं काही नसायचंच.

सुकाणू सांभाळायला कायतान होता,
म्हणजे मागच्या बाजूचं ते वाऱ्यावर फिरणारं पातं,
दोन दोऱ्या, चार कप्प्या.
नाव आमच्या पोदेराचं ठेवलं.
तोही रात्रभर जागतो आणि तक्रार करत नाही.

बाकी दिवस घरासारखेच.
बादलीने समुद्र ओढून भांडी घासायची,
शेवटचा हात गोड्या पाण्याचा, वाटीभर.
उजाडताना डेकवर पडलेले उडते मासे मोजायचे.
चार असले तर हळद, मीठ, तवा.
एकच असला तर परत पाण्यात,
मेलेला असला तरी.
मोठ्या शिडाची शिवण उसवली तेव्हा
तळहाताला चामडं बांधून मी दोन दिवस टाके घातले.
शाळेतल्या शिवणाच्या बाई म्हणाल्या असत्या, लांब पडले.
टिकले मात्र.

मग वारा मेला.
अडीच दिवस शीड ओल्या चादरीसारखं फडफड आपटत राहिलं,
आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण कुणी हरवलं
यावरून आम्ही भांडलो.
चारशे मैलांत ऐकणारं कोणी नाही,
तरी मध्येच दोघांनी सवयीने आवाज खाली आणला,
शेजारच्या खिडकीसाठी.
वहीत मी लिहिलं:
वारा शून्य. झाकण सापडलं.

आग्वादचा दिवा माझ्या पाळीत दिसला.
आधी वाटलं, एखादा तारा बुडतोय,
मग तो पुन्हा आला, पुन्हा आला.
दिसला की उठव, असं त्याने बजावलं होतं.
मी उठवलं नाही.
तीन वाजले, साडेतीन वाजले.
पाण्याला आता नदीचा, कुजक्या पाल्याचा वास येत होता
आणि मला, खरं सांगायचं तर,
पोचायचं नव्हतं.

आता बाल्कांवात बसले आहे.
खाली मांडवी, पलीकडे चोडणचा काळोख.
आत घड्याळात तीनचे ठोके पडतात
आणि दार करकरतं.
पुरसो. अंगावर शाल, हातात कप.
बाजूला टेबल आहे,
तरी कप तो माझ्या हातातच देतो.
"काही दिसलं?"
"एक बार्ज. वर गेली."
"वारा?"
मी गालावर पाहते. "पडलाय."
"जा, नीज."

पलंग सहा फुटी आहे.
मी त्याच्या बाजूला शिरते.
आग्वादचं अजून सांगितलेलं नाही.